ढब्बूची लॉगशीट

१६ जून २०२४, रविवार

संध्याकाळी साडेपाचला पिल्लू घरात आलं. पुतण्याच्या वस्तीवर गावठी कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. एक नातीनं उचललं, एक पुतण्यानं ठेवून घेतलं, तीन शेजारच्या वस्तीवर गेली. आमचं तांबूस, तोंडाला काळं आणि पोट नगाऱ्यासारखं. पोटावरनंच नाव पडलं, ढब्बू. बघायला आलेला जो तो म्हणाला, बाळसं छान धरलंय.

मी एकतीस वर्षं सबस्टेशनला ऑपरेटर होतो. दर तासाला रीडिंग घ्यायचं आणि लॉगशीटवर चढवायचं, पाऊस असो, दिवाळी असो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, हात अजून शिवशिवतो. जुन्या वहीची कोरी पानं आहेत, त्यात आता पिल्लाचं रीडिंग. नियम तोच: जे दिसलं ते लिहायचं, पटलं नाही तरी खोडायचं नाही.

वजन १ किलो ८४०. सूनबाईंच्या केकच्या काट्यावर परात ठेवून, परातीचं वजन वजा करून. रोज सकाळी खाण्याआधी घेणार. वय पुतण्याच्या सांगण्यावरून सहा आठवडे.

१७ जून

वजन १.८५०. दूध आणि कुस्करलेली भाकरी दिली. दुपारी पातळ झाली, रात्री पुन्हा. ही म्हणते, जागा बदलली की होतंय.

१८ जून

वजन १.८८०. साताऱ्याच्या कुत्र्यामांजरांच्या डॉक्टर मॅडमना फोन केला. म्हणाल्या, गाईचं दूध बंद करा, पिल्लाला ते पचत नाही, आणि एकदा घेऊन या. जंताचं औषध वजन करून मी इथंच देते, असंही म्हणाल्या.

हे शेवटचं मी नीट ऐकलं नाही. साताऱ्याला जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जंताची बाटली आणली आणि चहाचा एक चमचा पाजलं. अर्ध्या तासानं उलटी. उलटीत शेवयांसारखे पांढरे जंत, चार. दोन वळवळत होते. नात किंचाळत बाहेर पळाली, मी मात्र खूश. काम फत्ते, असं पानावर लिहिलंय. खोडणार नाही म्हटलंय, म्हणून राहू देतो.

२० जून

वजन १.९००. अंगावर पिसवा. पोटाखाली, जांघेत, कानामागं. केस बाजूला केले की कातडीवर काळी पूड दिसते, चहाच्या भुकटीसारखी. ओल्या कापसावर ती टिपली तर कापूस तांबडा झाला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचंच रक्त.

थोरल्या भावानं गोठ्यातली गोचिडाच्या औषधाची बाटली आणून दिली. म्हशीला लावतो, ह्याला थोडं लाव. बूच उघडलंसुद्धा होतं. नातीनं मॅडमना फोन लावून माझ्या कानाला धरला. दोन किलोच्या आतल्या पिल्लाला ते लावायचं नाही, अंग चाटून पोटात गेलं तर झटके येतील, बाटली होती तिथं ठेवा. पिसवांची गोळी आहे, पण तीसुद्धा दोन किलो भरल्यावर. तोवर काय? लिखांची फणी.

तर आज दुपारी अंगणात फणी, शेजारी साबणाच्या पाण्याचं तांब्याभर भांडं. एक फणी ओढायची, पाण्यात बुडवायची. एकोणतीस मोजल्या, मग मोजणं सोडलं.

२२ जून

वजन १.८९०.

पुतण्याकडचा ढब्बूचा भाऊ गेला. दोन दिवस उलट्या, मग रक्ताची हगवण, घरात उभं राहवत नव्हतं असा वास. डॉक्टरकडं नेलं नव्हतं. पुतण्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, आम्हीही कधी नेत नव्हतो. लहानपणी आमच्या वाड्यात दर पावसाळ्यात पिल्लं जायची. हगवण लागली म्हणायचं आणि उकिरड्यापलीकडं खड्डा काढायचा. कुत्र्याचं वजन करतात हेच मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

मॅडमनी लक्षणं ऐकून सांगितलं, पार्वो असणार. विषाणू अंगात शिरल्यापासून आजार दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी त्याहून जास्त, चौदा दिवसांपर्यंतही. आपलं पिल्लू तिथून सोळाला आलं. म्हणजे आज सहावा दिवस. तीस तारखेपर्यंत डोळ्यात तेल घालून बघायचं.

पुतण्यानं फिनेल टाकून जागा धुतली होती. पार्वोला फिनेलनं काही होत नाही, मातीत तो महिनोन् महिने राहतो, वर्षभरसुद्धा. त्याला क्लोरीन लागतं. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर मागून आणली आणि त्याच्या पडवीचा कोबा, गोणपाटाची जागा, पाण्याचं भांडं, सगळ्यावर मारायला लावली. त्याची चप्पल आमच्या अंगणात बंद. राग आला त्याला थोडा.

२३ जून

वजन १.८६०. कालपेक्षा ३० ग्रॅम कमी. ही हसली, काटा बिघडला असेल म्हणाली, आजचा आकडा लिहू नका. मिठाचा सीलबंद एक किलोचा पुडा ठेवून बघितला. काटा बरोबर. आकडा लिहिला.

पिल्लू खेळतंय, खातंय, माझ्या पंचाचं टोक ओढतंय. डोळ्यांना काहीही दिसत नाही. पण सहा आठवड्यांच्या पिल्लाचं वजन तीन दिवस वाढत नाही आणि मग उतरतं, हे काही बरं नाही. लोड दिसतोय तेवढाच आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान मात्र चढतंय, असं झालं की आम्ही खुर्चीवरून उठायचो.

२४ जून, सोमवार

वजन १.७९०. पहाटे पाचला शी झाली, डांबरासारखी काळी आणि चिकट. खाणं नको. कोपऱ्यात गोळा होऊन पडला, हाक मारली तर नुसती शेपटी हलली.

पहिल्यांदा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, कारण तो जवळ. तिथं गाईम्हशी अडकवायचा लोखंडी खोडा आहे, टेबल नाही. डॉक्टर एका अडलेल्या गाईसाठी गेले होते. पर्यवेक्षकानं पिल्लाचा ओठ वर केला, हिरडी बघितली आणि बसायलाही सांगितलं नाही. "आबा, हे पांढरं पडलंय. थांबू नका, साताऱ्याला न्या."

पांढरं म्हणजे किती पांढरं, ते मीही बघितलं. हिरडी आणि दात यांत फरक सांगता येत नव्हता. जीभ उकडलेल्या दुधीच्या फोडीसारखी. ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमध्ये सिलिका जेल असते, निळी असली की बरी, दमट होऊन गुलाबी पडली की बदलायची. इथं सगळं उलटं, गुलाबी असलं की बरं. आठवड्यात एकदाही मी ओठ वर करून बघितला नव्हता. वजन घेतलं, शी मोजली आणि हे राहिलं.

मॅडमकडं साडेअकराला. ताप १००.६, म्हणजे ताप नाहीच, उलट जरा कमी. कुत्र्याचं साधारण १०१ ते १०२.५ असतं. बोटानं हिरडी दाबून सोडायची, रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा. इथं परत यायला रंगच नव्हता.

आधी पार्वोची पट्टी. कापसाच्या काडीनं मागून नमुना, बाटलीत घुसळला, पट्टीवर थेंब टाकले. करोनात नाकात काडी घालून करायचे तसंच. दहा मिनिटं घड्याळाकडं बघत बसलो. एक रेघ. दुसरी आली नाही. सुनेनं डोळे पुसले, पण मॅडम म्हणाल्या, एवढ्यावर सुटका नाही, पट्टी कधीकधी चुकते, परवा पुन्हा करू.

मग पायातून रक्त. बारीक काचेची नळी यंत्रात गरगर फिरवली. खाली तांबडं बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं, त्यातलं तांबडं किती टक्के ते मोजायचं. सतरा आलं. मोठ्या कुत्र्याचं सदतीसच्या वर असतं, एवढ्या पिल्लाचं जरा कमी चालतं, पण सतरा नाही. पांढऱ्या पेशी कमी नव्हत्या. पार्वोत बहुधा त्या कोसळतात, म्हणून त्यांना थोडा धीर आला, तो त्यांनी आम्हालाही दिला.

शेवटी शीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. मला बोलावून बघायला लावलं. पातळ कवचाची लांबट गोल अंडी, आत चार-पाच गोळे, द्राक्षाच्या घडासारखे. एका नजरेत तीन दिसली. हुकवर्म. शाळेच्या पुस्तकातला अंकुशकृमी. आतड्याला दातांनी चिकटून रक्त पितो, म्हणून शी काळी. आईच्या दुधातूनच पिल्लांत उतरतो, म्हणजे हा घरी आला तेव्हा हे बिऱ्हाड सोबत घेऊनच आला होता. वरून पिसवा. आत एक पिणारा, बाहेर दुसरा.

आणि ते नगाऱ्यासारखं पोट? बाळसं नव्हतंच ते. जंतांचं पोट. नाव ठेवून बसलो आम्ही त्याला.

माझ्या चमच्याचंही बिंग फुटलं. मॅडमनी सिरिंज दिली, घरी येऊन मोजलं. चमच्यात तीन मिली बसतं, मी पाच धरलं होतं, आणि त्यातलंही बरंचसं अर्ध्या तासात उलटून पडलं. वर आलेल्या शेवया हे गोल जंत, ते वेगळे. खरा चोर आतच होता.

आज दिलेलं: वजनावर मोजून जंताचं औषध, कातडीखाली सलाईन, लोहाचं औषध. रक्त द्यावं लागेल का याचा निर्णय परवावर. आणखी उतरलं किंवा धाप लागली तर रात्री-अपरात्रीही फोन करा म्हणाल्या. रक्त देणारा मोठा, लस घेतलेला कुत्रा शोधून ठेवा, असंही. थोरल्या भावाचा राखणीचा कुत्रा आहे, अठ्ठावीस किलोचा, दरवर्षी लस घेतलेला. भावाला विचारलं. म्हणाला, घेऊन जा, फक्त तो तुला चावेल.

पट्टी, रक्त, औषधं मिळून दोन हजार तीनशे.

रात्रपाळी, २४ ते २५ जून

रात्री ११: श्वास मिनिटाला ३४. हिरडी पांढरी. गुळाचं कोमट पाणी सिरिंजनं गालात थेंब थेंब. एवढी पिल्लं उपाशी राहिली की साखर उतरून गळपटतात, म्हणून दर दोन तासांनी थोडं तरी पोटात जायला हवं.

१: श्वास ३६. मऊ भाताची पेज दोन चमचे (हा चमचा तीन मिलीचा). राहिली.

३: श्वास ३२. लाईट गेली. बॅटरीच्या उजेडात हिरडीचा रंग कळत नाही. कुठली लाईन (फीडर) ट्रिप झाली ते ओळखलं, फोन केला नाही. सबस्टेशनवरची पोरं कामाला लागलेली असतात, फोननं कुणाचं भलं होत नाही.

५: शी काळीच, पण थोडी घट्ट. स्वतः उठून दारापर्यंत गेला.

नात शाळेत जायच्या आधी विचारून गेली, "आबा, रीडिंग काय?" बत्तीस, म्हटलं.

२६ जून

वजन १.८१०. पार्वोची पट्टी पुन्हा एक रेघ. तांबडं १८. वाढ एकाचीच, पण उतरलं नाही. रक्त द्यायचं टळलं. भावाला कळवलं, तो जरा हिरमुसला असं वाटलं.

मॅडमना विचारलं, आमच्या लहानपणी पिल्लं जायची ती पार्वोनंच का? त्या म्हणाल्या, पार्वो जगभर पसरला तो १९७८ च्या सुमारास, त्याआधी तो कुणाला माहीत नव्हता. १९७८ ला मी मॅट्रिकला होतो. म्हणजे उकिरड्यापलीकडच्या खड्ड्यांतली पिल्लं पार्वोची नव्हती. काही डिस्टेंपरनं, कुत्र्यांच्या दुसऱ्या साथीच्या रोगानं, गेली असतील. काही ह्याच जंतांनी, आणि त्यांचीही पोटं मोठी होती, हे मला चांगलं आठवतं.

३० जून

वजन १.९८०. चौदा दिवस झाले, पार्वोची मुदत टळली. हिरडीला फिकट गुलाबी झाक आलीय, पेरूच्या आतल्या गरासारखी.

आता घरातला प्रश्न. मॅडमनी उकडलेलं अंडं आणि थोडी कलेजी सांगितलीय. घर माळकरी. हिच्या गळ्यात तुळशीची माळ, चाळीस वर्षं चुलीवर अंडं चढलेलं नाही. मी विषय काढायला दोन दिवस टाळाटाळ केली. काल रात्री तीच म्हणाली, "माळ मी घातलीय, त्यानं नाही घातली. पण माझ्या भांड्यात नाही." भावाच्या गोठ्यामागं तीन दगड मांडले, एक ॲल्युमिनियमची पातेली तिथली तिथंच. पुतण्या कलेजी आणतो, शिजवतो आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करून देतो. चप्पल बाहेर काढून येतो आता, न सांगता.

८ जुलै

वजन २.३९०. जंताच्या औषधाचा दुसरा डोस, या वेळी सिरिंजनं. दोन आठवड्यांनी पुन्हा का, तर औषध आतड्यातल्या मोठ्या जंतांना मारतं. अंगात इतरत्र लपलेल्या अळ्या मागाहून आतड्यात येतात, त्यांना पुढच्या डोसात गाठायचं. तिसरा २२ ला. दोन किलो भरले म्हणून पिसवांची गोळीही मिळाली. लिखांची फणी नातीनं धुऊन ठेवलीय, ती आता कुणी डोक्याला लावत नाही.

११ जुलै

आजची नोंद पिल्लाची नाही, माझी. डाव्या पावलाच्या कडेला लालसर रेघ, नागमोडी, प्रचंड खाज. परवा बोटाच्या एका पेराएवढी होती, आज दीड पेर. पेनानं टोकाला खूण करून ठेवली होती, सकाळी रेघ खुणेच्या पुढं गेलेली.

त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, घरी कुत्र्याचं पिल्लू आहे का, आणि अनवाणी फिरता का? दोन्हीला हो. पिल्लाच्या शीतून अंडी ओल्या मातीत पडतात, आठवडाभरात अळ्या होतात, आणि त्या कातडीतून शिरतात. माणसाच्या अंगात त्यांना रस्ता सापडत नाही, म्हणून कातडीखालीच भटकत बसतात. गोळ्या दिल्या.

मी जूनभर अंगणात अनवाणी होतो. नातीच्या पायांची तपासणी केली, काही नाही. आजपासून सगळ्यांना चप्पल. शी पडली की लगेच उचलून खड्ड्यात, दुसऱ्या दिवसावर ठेवायची नाही. ढब्बूचं राहणं मातीवरून हलवून शहाबादी फरशीवर, उन्हाच्या बाजूला. ऊन कुठलं म्हणा, जुलैत.

१५ जुलै, सोमवार

वजन २.७१०. तांबडं ३१. हिरडी गुलाबी, लिहिताना बरं वाटतंय.

दहा आठवड्यांचा झाला, पहिली लस आज. एरवी सहा ते आठ आठवड्यांत देतात, पण आजारी पिल्लाला देऊन उपयोग नाही म्हणून थांबलो होतो. तीनदा का द्यायची, हे मी खोदून विचारलं. आईकडून आलेलं संरक्षण पिल्लाच्या रक्तात असतं तोवर ते लसीलाच मारून टाकतं. ते संपलं की पिल्लू उघडं पडतं. कुठल्या दिवशी संपणार हे बाहेरून दिसत नाही, प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत. तोवर रस्त्यावर नाही, दुसऱ्या कुत्र्यांच्या जागेत नाही, पुतण्याच्या वस्तीवर तर नाहीच.

१७ जुलै, आषाढी

वजन २.७६०. हिच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी पळवली. एक शेंगदाणासुद्धा ठेवला नाही. "उपास करतोय," नात म्हणाली. गोठ्यामागची पातेली आज बंद, पिल्लाला पेज आणि ताक-भात. रात्री एकदा पातळ, पण रंग तपकिरी. तपकिरी हा शब्द या वहीत एवढ्या आनंदानं कधी लिहिला नव्हता.

२२ जुलै

वजन ३.१९०. जंताचा तिसरा डोस. शी तपासली, अंडी दिसली नाहीत. माझ्या पावलावरची रेघ वाळली.

५ ऑगस्ट

वजन ४.२८०. दुसरी लस. लसीनंतर दिवसभर झोपला, संध्याकाळी उठून माझी जुनी टेस्टरची पिशवी फाडली. मधल्या नोंदी गाळतोय, सगळ्या सारख्याच आहेत: खाल्लं, हगला, झोपला, काहीतरी फाडलं.

१० ला जंताचं औषध. आता दर महिन्याला, सहा महिन्यांचा होईपर्यंत.

२६ ऑगस्ट, गोकुळाष्टमी

सकाळी परातीत बसवला तर काट्यावर आकडाच येईना, नुसती इंग्रजी अक्षरं. काटा पाच किलोचाच आहे, हे सूनबाईंनी आत्ता सांगितलं. मग पोराच्या काट्यावर मी एकटा उभा राहिलो, ७१.४. ढब्बूला उचलून, ७७.५. म्हणजे ६.१. एवढ्यात त्यानं माझा कान चाटला आणि आकडा हलला, म्हणून दोनदा घेतला.

तिसरी लस आणि रेबीजची पहिली, एकाच दिवशी दोन मांड्यांत. रेबीजची पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. मॅडमनी नातीला बजावलं, खेळताना दात लागून रक्त आलं तर लपवायचं नाही, नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच आरोग्य केंद्रात जायचं, पिल्लू घरचं असलं तरी. नातीनं मला वहीत लिहून ठेवायला सांगितलं. लिहिलं.

पोट आता आत गेलंय, फासळ्या हाताला लागतात आणि कंबर दिसते. मॅडमच्या कार्डावर नाव ढब्बूच आहे.

जंताचं पुढचं औषध १० सप्टेंबरला येतं. त्या दिवशी गौरी येतात, घर पाहुण्यांनी भरलेलं असणार, कोण सिरिंज शोधणार. ९ लाच देतो.